दात लागणार नाहीत

बढाई मारायची तर माणसानं बसून मारावी. उभं राहून मारलेली बढाई सगळ्या अंगणाला ऐकू जाते आणि मग ती परत घेता येत नाही.

ओलेबिले उभा राहिला.

भाची गोमोलेमोच्या लग्नाची बोलणी शोशोंग गावातल्या घरी, अंगणातल्या झाडाखाली पार पडली होती. मुलाकडून किती गाई यायच्या, कधी यायच्या, सगळं ठरलं होतं. थोरला भाऊ वारल्यापासून मुलीचा मोठा मामा आता ओलेबिले, आणि भाचीच्या लग्नात मामानं जनावर द्यायचं असतं. ‘देईन’ एवढंच म्हणून तो खाली बसला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे वेळेवर घरी गेले असते. पण मुलाचे काका रा मारूपिंग (तिकडे पुरुषाला मानानं ‘रा’ म्हणतात, बाईला ‘मा’) दातात काडी घालत म्हणाले, “द्याल हो व्याही, जनावर द्याल. पण गाबोरोनीसारख्या शहरात राहणाऱ्या माणसाचं जनावर म्हणजे... आमच्या दाढा काही आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.”

अंगण हसलं. ओलेबिलेच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“आमच्या घरचं मांस खायला दात लागणार नाहीत,” तो म्हणाला. “काढून खिशात ठेवून या!”

टाळ्या पडल्या. त्या विरल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या आईनं मान वर केली. आईचे खरे दात केव्हाच गेलेले. खोटे टोचायचे, म्हणून ते पेल्यात पडून असायचे.

“खरंच का रे?” ती म्हणाली.

“खरंच, आई.”

“मग या लग्नात मी मांस खाईन. नुसता रस्सा पिऊन पिऊन पोटात तळं झालंय माझ्या.”

शब्द दिला मारूपिंगना, आणि अडकला जाऊन आईपाशी.

आता मुसळाचं

खरं तर मुसळाबद्दल आधीच सांगायला हवं होतं. पण बढाई मध्ये घुसली.

लग्न असो, मयत असो, सेस्वा पुरुषांनी करायचा. तीन पायांच्या लोखंडी हंड्यात मांस, पाणी आणि मीठ, बाकी काही नाही. मांस शिजून शिजून शरण आलं की ते मुसळानं कुटायचं. या घराचं मुसळ आजोबांच्या वेळचं, चरबी पिऊन काळंभोर झालेलं. ते ज्याच्या हाती, तो घरातला कर्ता मामा. थोरल्यानंतर ते ओलेबिलेकडे आलं. तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे मुसळ गाबोरोनीच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी उभं राहिलं. हंड्याजवळ उभं राहण्याची वेळ आली की ओलेबिलेला नेमक्या पाहुण्यांच्या गाड्या नीट लावून घ्यायच्या असत.

धाकटा भाऊ सेन्वेलो गावातच राहायचा आणि गावातल्या प्रत्येक मयताला सेस्वा करायचा. तो फोनवर विचारायचा, “दादा, मुसळ काय म्हणतंय? बातम्या बघतं की मालिका?”

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, “ओलेबिले, तुझा शब्द खरा झाला तर मुसळ तुझं. नाही झाला तर सेन्वेलोचं. शोभेची वस्तू हवी असेल तर फुलदाणी घे.”

गाय

जनावर घरात होतं. रानातल्या गोठ्यावर मातुमो नावाची गाय होती. काळीभोर, पाठीवर पांढरा पट्टा, जणू कुणी भिंत रंगवायला घेतली आणि अर्ध्यावर जेवायला गेलं. एक शिंग मोडकं. तिच्या नातींनाही वासरं झालेली.

“मातुमो काढू या,” सेन्वेलो म्हणाला. “म्हातारी आहे, पण सेस्वाला—”

“म्हातारी?” ओलेबिले म्हणाला. “अरे, मी पाहुण्यांना जेवायला बोलावलंय, वहाणा चघळायला नाही.”

सेन्वेलोचं वाक्य अर्धंच राहिलं. ते त्यानं पुढेही पूर्ण केलं नाही, कारण तो धाकटा होता, आणि शिवाय त्याला मुसळ हवं होतं.

गल्लीचं मत, फुकट

गाबोरोनीला परत आल्यावर ओलेबिलेनं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक साधा प्रश्न टाकला: मांस मऊ कसं करावं? तसा तो ग्रुप पाणी कधी येणार यासाठी होता.

कोपऱ्यावरच्या मा: कच्च्या पपईचा चीक चोळा.
वरच्या घरचे रा: पपईनं पिठलं होईल. हंड्यात लोखंडी खिळा टाका.
कोपऱ्यावरच्या मा: आणि खिळा कोण खाणार?
वरच्या घरचे रा: तुमचे मालक.
कोपऱ्यावरच्या मा ग्रुप सोडून गेल्या.
कोणीतरी: जनावराला मरायच्या आधी आठवडाभर गाणी ऐकवावी.
कोणीतरी: पाणी आलं का?

शेवटी ओलेबिले कुंपणाच्या भिंतीकडे गेला. पलीकडे डॉक्टर लेत्शोलो राहायचे. शेतकी कॉलेजात मांस हाच त्यांचा विषय. ज्ञान अफाट, पण ते नळासारखं: एकदा सोडलं की बंद करायची चावी कुणाला सापडत नसे. म्हणून गल्लीत प्रत्येकजण त्यांच्याशी एक पाय घराकडे ठेवून बोलायचा.

व्याख्यानाचा पूर्वार्ध

“चिवटपणा कशात असतो, रा? लोकांना वाटतं मांसात. मांस बिचारं काही करत नाही. मांस म्हणजे धाग्यांच्या जुड्या. प्रत्येक धाग्याभोवती पातळ पांढरी पिशवी, जुडीभोवती दुसरी, सगळ्या स्नायूभोवती तिसरी. हे जे बांधून ठेवणारं जाळं, तो चिवटपणा. जो स्नायू दिवसभर राबतो, मान, पोटऱ्या, खांदा, त्याचं जाळं जाड. पाठीच्या कण्याखालचा स्नायू नुसता पडून असतो, एखाद्या साहेबासारखा. माफ करा, तुम्हाला उद्देशून नव्हतं. त्याच्यात जाळं नावापुरतं, म्हणून तो लोण्यासारखा. आणि वय! वासराच्या जाळ्याच्या दोऱ्या मोकळ्या असतात. वय वाढतं तशा त्या एकमेकींना गाठी मारत जातात. म्हाताऱ्या गाईच्या पोटरीत गाठीच गाठी. चावून तुटणार नाही, भाजून सुटणार नाही. पण रा, हेच जाळं जर—”

“डॉक्टर, माझं चहाचं पाणी उकळतंय,” ओलेबिले म्हणाला आणि घरात शिरला.

चहाचं पाणी ठेवलेलंच नव्हतं. पण त्याला हवं ते मिळालं होतं. म्हातारी गाय: गाठी. पाठीखालचा साहेब: लोणी. मातुमो विकायची आणि त्या पैशात तरण्या बैलांच्या पाठीखालचं मांस घ्यायचं, बिनहाडाचं.

बायको केबोने म्हणाली, “लग्नाला मांस देतोयस की बाळंतिणीला?”

“तुला यातलं शास्त्र कळणार नाही.”

“नसेल कळत. पण सेस्वा कळतो.”

तो ऐकायला थांबला नाही. एव्हाना न थांबण्याची त्याला चांगलीच सवय झाली होती.

गाय विकणं किती सोपं असतं

गाईच्या पुठ्ठ्यावर तापल्या सळईनं उमटवलेला घराण्याचा डाग होता, गुरांच्या कार्यालयातल्या नोंदीप्रमाणे थोरल्या भावाच्या नावावर.

“त्यांना घेऊन या,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“ते वारले.”

“मग त्यांनी तसं कळवायला हवं होतं.”

ओलेबिले हा स्वतः विम्यातला माणूस. लोकांना अशी वाक्यं ऐकवण्यात त्याची हयात गेलेली. ती ऐकण्याचा अनुभव मात्र नवा होता, आणि तो त्याला अजिबात आवडला नाही. बाईंनी मुखियांची चिठ्ठी मागितली. मुखिया पलीकडच्या वस्तीत एका मयताला गेले होते. तिथे ते सापडले, पण मयतात चिठ्ठी देणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी त्याला चावडीवर बोलावलं. आणि चावडीवर आलेला विषय पूर्ण ऐकून घ्यायचा असतो, म्हणून म्हाताऱ्यांसमोर त्याला उभं केलं.

“घरात लग्न,” मुखिया म्हणाले, “आणि तू गाय विकतोस?”

“हो, रा. मांस मऊ हवंय.”

“सेस्वासाठी?”

“हो.”

मुखियांनी आधी त्याच्याकडे बघितलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा आकाशाकडे बघू लागला. दुसऱ्याच्या घरच्या सोयरिकीत आपण का पडा, असा विचार करून मुखियांनी शिक्का मारला. गुरांच्या दलालानं मातुमोला गाडीत चढवलं. चढताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं. ओलेबिले तेव्हा दलालाच्या ड्रायव्हरला गाडी कुठून वळवायची ते दाखवत होता.

फाटक

लग्नाच्या आदल्या दिवशी मांसाची खोकी बर्फात घालून तो शोशोंगला निघाला. नेमकी त्याच आठवड्यात कुठेतरी लाळ्या-खुरकुताची कुणकुण लागली होती, त्यामुळे वाटेतल्या गुरांच्या फाटकावर कडक तपासणी.

“कच्चं मांस?”

“आहे. पावती आहे.”

“पावती कुठाय?”

पावती केबोनेच्या पर्समध्ये, केबोने मागच्या गाडीत, मागची गाडी पेट्रोलसाठी थांबलेली. तोवर नियमाप्रमाणे औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे. ओलेबिलेनं लग्नासाठी घेतलेले दोन रंगांचे बूट त्या पाण्यातून बाहेर आले ते एकाच रंगाचे होऊन. पावती आली. अधिकाऱ्यानं एक खोकं उघडलं आणि गुळगुळीत गुलाबी तुकड्यांकडे पाहिलं.

“छान. भाजायला?”

“सेस्वा.”

“याचा सेस्वा?” अधिकाऱ्यानं टोपी मागे सरकवली. “रा, एक सांगू का—”

“तुम्ही रोग बघा. स्वयंपाक आम्ही बघतो.”

फाटक उघडलं.

हंडे

पहाटे हंडे चढले. मुसळ ओलेबिलेच्या हातात. गावातले पुरुष खोक्यांभोवती गोळा झाले, एखाद्या अनोळखी माणसाच्या प्रेताभोवती व्हावेत तसे.

“हाडं कुठायत?”

“हाडं कशाला?”

“मान? खूर? पोटऱ्या?”

“सगळा चिवटपणा गाबोरोनीला ठेवून आलोय,” ओलेबिले म्हणाला.

“चिवटपणा इथेच उभा आहे की,” सेन्वेलो पुटपुटला आणि लाकडं सारू लागला.

मांस उकळलं. आधी ते आक्रसलं. मग पाणी मातकट झालं, आणि मातकटच राहिलं. बोटांना चिकटणारा तो दाट, चकचकीत रस काही येईना. ओलेबिले धीरानं थांबला. मऊ मांस जास्त शिजवलं की जास्त मऊ होणार, हा साधा हिशेब. दुपारी त्यानं सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि वर मुसळ उचललं. केबोने फोटो काढायला पुढे झाली.

पहिल्या घावाला मांसाचा भुगा झाला.

दुसऱ्या घावाला भुग्याचा कापूस झाला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि सेस्वाचा काही भाग नवऱ्या मुलाच्या बहिणींच्या नव्या टोप्यांवर जाऊन बसला. मराठीत मुसळ केरात जातं. इथे मुसळ जागेवर होतं, केर उडत होता.

पाहुण्यांचा अभिप्राय

(इथे सगळे चघळत आहेत. त्यांचं होईपर्यंत गोष्ट पुढे सरकत नाही.)

(अजून चघळत आहेत.)

तरीही पुढे

आई भाषणं संपेपर्यंत एकच घास तोंडात धरून बसली होती. गालाचा एका बाजूला फुगा. सासरच्या मंडळींचे आभार मानले गेले, नवरीनं कपडे बदलले, नाच झाला. फुगा तिथेच. शेवटी तिनं रुमाल काढला, घास त्यात ठेवला आणि रुमालाची घडी घातली.

बोलले ते रा मारूपिंग. “व्याही, शब्दाचे पक्के हो तुम्ही! दात लागले नाहीत. खराटा लागला!”

अंगण हसलं. या वेळी गोमोलेमोही हसली आणि मग मामाकडे बघून तोंडावर हात धरला. ते त्याला जास्त लागलं.

पाहुणे पांगल्यावर आई उठली, त्याच्या हातातून मुसळ घेतलं आणि त्याचाच आधार घेत घरात गेली. सेन्वेलोला तिनं ते लगेच दिलं नाही. “पुढच्या शनिवारी मुलाकडचं जेवण आहे मोचुडीला,” दारातून म्हणाली. “तिथलं खाऊन बघते. मग देते. तोवर काठी म्हणून बरं आहे.”

व्याख्यानाचा उत्तरार्ध

“—पाण्यात, मंद आचेवर, पुरेसा वेळ राहिलं,” डॉक्टर लेत्शोलो भिंतीपलीकडून म्हणाले, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं, “तर ते वितळतं, रा. सगळ्या गाठी सुटतात. त्याचा चिकट, दाट रस होतो आणि तो धाग्याधाग्यात शिरतो. म्हणून पोटरीचं, मानेचं मांस उकळून कुटलं की रेशमासारखं. आणि साहेबाच्या मांसात जाळंच नाही, तर वितळणार काय? पाणी निघून जातं, सुके धागे उरतात. म्हातारं जनावर असेल तर वेळ जास्त लागतो, पण चव! मी हे त्याच दिवशी सांगणार होतो. तुमचं चहाचं पाणी उकळलं.”

“उकळलं,” ओलेबिले म्हणाला.

“कसा झाला चहा?”

जन्मात प्रथमच ओलेबिले डॉक्टरांसमोर शेवटपर्यंत उभा होता आणि त्याला दुसरीकडे कुठे जायचंही नव्हतं.

मोचुडी

पुढच्या शनिवारी मुलीकडची मंडळी छोट्या ट्रकनं मोचुडीला गेली. आईच्या हातात मुसळ. सेन्वेलो तिच्या शेजारी, मुसळाच्या बाजूनं.

ताटं आली. ज्वारीचा घट्ट घाटा आणि त्यावर सेस्वा. तपकिरी, ओलसर, चकचकीत. ओलेबिलेनं नाइलाजानं घास घेतला, आणि त्याचे दात एकमेकांना भेटायच्या आतच मांस नाहीसं झालं. त्यानं आईकडे पाहिलं. आई घास हिरड्यांवर ठेवत होती, डोळे मिटत होती, आणि घास आपला आपण उतरत होता. बोटं एकमेकांना चिकटत होती, ती चाटत होती. ताट रिकामं झालं. तिनं ते एका पोरीच्या हातात दिलं आणि नुसती भुवई उंचावली. दुसरं ताट आलं.

ओलेबिले हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेला. कुंपणावर कातडं वाळत घातलं होतं. काळंभोर. मधोमध पांढरा पट्टा. पुठ्ठ्यावर घराण्याचा डाग.

जमिनीवर एक मोडकं शिंग पडलं होतं. ते त्याच्याकडेच बघत होतं, असं त्याला वाटलं. शिंगाला डोळे नसतात हे त्याला माहीत होतं, तरीही वाटलं.

तो परत येऊन बसला तेव्हा मारूपिंग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होते. “दलालाकडून घेतली हो. काय जनावर! अशी म्हातारी गाय कोण विकतं? दलाल म्हणाला, कुणी शहरातला शहाणा होता. देव त्याचं भलं करो.” बोलताना त्यांचे डोळे ओलेबिलेच्या एकरंगी बुटांवर होते. डाग वाचता येत नाही असा म्हातारा त्या मुलखात जन्माला यायचा आहे. मारूपिंगना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

दोन वाटा, दोन्हींवर चिखल

गप्प बसावं, तर मूर्ख कोण हे निदान उघड कोणी बोलणार नाही. पण मग शब्द खोटा पडला तो पडलाच, मुसळ सेन्वेलोचं. बोलावं, तर मूर्ख ठरणार, तेही व्याह्यांच्या अंगणात, भाचीच्या सासरी, जन्मभरासाठी.

आईनं तिसऱ्या ताटासाठी भुवई उंचावली.

ओलेबिले उभा राहिला.

“रा मारूपिंग, ती गाय माझी.”

“अरेच्चा!” मारूपिंगनी छातीवर हात मारला. “आम्ही शहाण्याला शोधत होतो, आणि तो आमच्याच ताटावर!”

अंगण कोसळलं. सेन्वेलोनं कपाळाला हात लावला. ओलेबिले हसण्याचा जोर ओसरेपर्यंत थांबला. हल्ली त्याला थांबता येत होतं.

“मूर्ख मीच,” तो म्हणाला. “मी शब्द दिला होता: आमच्या घरचं मांस खायला दात लागणार नाहीत. हे आमच्या घरचं आहे. डाग कुंपणावर आहे, जाऊन बघा. आता सांगा, कुणाला दात लागले?”

हसू थांबलं. कुणीतरी हळूच जीभ दातांवरून फिरवली.

“मांस तुमचं असेल,” मारूपिंग सावरून म्हणाले, “पण शिजवलं आम्ही!”

“शिजवायचा शब्द मी दिलाच नव्हता!”

“वा! आणि आग? आणि मीठ? आणि पहाटेपासून उभं राहिलेली आमची माणसं?”

“दादा, खाली बस,” सेन्वेलो म्हणाला.

“नाही बसत!”

“ए!” आईनं मुसळ जमिनीवर आपटलं. तिनं आधी तोंडातला घास सावकाश उतरवला, कारण असा घास घाईनं गिळणं पाप आहे. “गाय याची. आग त्यांची. पण तोंड माझं,” ती म्हणाली. “त्याला विचारा ना.”

“मग सांगा, मा,” मारूपिंग म्हणाले.

आईनं ताट पुढे केलं. “आधी वाढा.”

निकाल तिनं तिथे दिलाच नाही.

परत फाटक

अंधार पडायच्या आत ट्रक फाटकाशी आला. तोच अधिकारी. त्यानं ओलेबिलेला ओळखलं, त्याच्या बुटांना तर नक्कीच.

“कच्चं काही आहे का?”

ओलेबिलेनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी मागून आई बोलली.

“नाही रे बाबा. एक होता, तो आज शिजला.”

आणि सेन्वेलोच्या नाकासमोरून, दोन आसनांच्या मधल्या फटीतून, चरबीनं काळंभोर झालेलं मुसळाचं टोक हळूहळू पुढे सरकलं आणि ओलेबिलेच्या खांद्यावर येऊन टेकलं.

“धर,” आई म्हणाली. “आणि टीव्ही विकून टाक.”